हवेचा रकाना

गायकवाड बाई कुठलाही आकडा एकटा येऊ देत नसत. तुम्ही कितीही धापा टाकत या, काचेवरच्या अमुक फिल्मचा रेझिस्टन्स अमुक आला म्हणून नाचत या, बाई चष्म्यावरून बघत आणि विचारत, "आणि हवा?" हवा म्हणजे ते मोजमाप घेताना हवेत दमटपणा किती होता, तो आकडा. आमच्या वह्यांमध्ये त्यासाठी बाईंनी एक वेगळा रकाना आखून घेतलेला असे. तो रिकामा दिसला की बाई लाल पेन्सिल उचलत आणि शेजारच्या आकड्यावर एक आडवी रेघ मारत. ओरडणं नाही, समजावणं नाही. रेघ मारून वही परत देत आणि आपल्या कामाला लागत.

आमच्या आधीच्या कुठल्या तरी तुकडीने त्यांचं नाव दमटबाई ठेवलं होतं. बाईंना ते माहीत होतं. एकदा कुणीतरी धीर करून ते फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं. बाई आल्या, वाचलं, पुसलं नाही. खडू घेतला आणि त्याच्यापुढे लिहिलं, "अडुसष्ट टक्के." त्या सकाळची आर्द्रता तेवढी होती. ते दोन दिवस तसंच फळ्यावर राहिलं.

बाई आडमुठ्या होत्या असं आमच्या विभागात चहा पिताना आजही सांगितलं जातं. मी जवळ असले की बोलणाऱ्याचा आवाज जरा खाली येतो. खाली आणायचं काही कारण नाही. होत्याच त्या आडमुठ्या. मी त्यांची बाजू मांडायला बसलेली नाही, कारण बाजू मांडावी लागेल असं त्यांनी काही केलेलंच नाही. पण सांगायचंच आहे तर पूर्ण सांगा, एवढंच माझं म्हणणं आहे, आणि तुम्ही सांगणार नाही म्हणून मी सांगते.

बाई भौतिकशास्त्र विभागात तंत्र सहायक होत्या. बीएस्सी होऊन प्रयोगशाळा परिचर म्हणून लागल्या आणि एकेक पायरी चढत तिथवर आल्या. त्यांना पीएच.डी. नव्हती. ज्यांना होती त्यांतल्या निम्म्यांची उपकरणं बाई लावून देत. शोधनिबंधाच्या शेवटी, आभारांच्या शेवटच्या ओळीत, 'तांत्रिक साहाय्याबद्दल' म्हणून त्यांचं नाव येई, कधीकधी चुकीच्या आद्याक्षरासह. बाई तो निबंध मागून घेत, आद्याक्षर दुरुस्त करत आणि परत देत. "छापून झालंय हो बाई, आता काय उपयोग?" असं एकाने विचारलं तर म्हणाल्या, "तुमच्या प्रतीत तरी बरोबर असू दे."

आमच्या प्रयोगशाळेत टिन ऑक्साइडच्या फिल्म बनत. काचेची पट्टी तापवायची, तिच्यावर द्रावणाचा फवारा मारायचा, की एक पातळ पांढुरका थर बसतो. नुसत्या डोळ्याला तो गुळगुळीत दिसतो, पण सूक्ष्मदर्शकाखाली अनारशासारखा जाळीदार असतो. त्या जाळीत हवेतलं पाणी जाऊन बसतं आणि फिल्ममधून वीज किती वाहणार हे ठरवायला लागतं. कोरड्या हवेत जी फिल्म वीज जवळजवळ जाऊच देत नाही, तीच दमट हवेत कितीतरी पटींनी जास्त जाऊ देते. फिल्म बदललेली नसते, विजेचा दाब बदललेला नसतो, बदललेली असते फक्त हवा.

मला हे पुस्तकातून तीनदा वाचूनही नीट कळलं नव्हतं. बाई विद्यार्थ्यांना गावाच्या नावाने हाक मारत. मला म्हणाल्या, "ए लोणी, तुमच्याकडे बांधकामं चालू असतात ना? स्लॅब पडताना बायकांची रांग बघितलीस? बाई जागची हलत नाही, घमेलं हलतं. इथे तेच आहे. पाण्याचा पहिला थर ऑक्साइडला घट्ट चिकटतो, तो काही कामाचा नाही. त्याच्यावर दुसरा बसला, तिसरा बसला, की रांग जुळली. मग एक रेणू शेजारच्याकडे प्रोटॉन देतो, तो त्याच्या शेजारच्याकडे. रेणू तिथेच, वीज पलीकडे."

"आणि रांगेतल्या बायका कमी पडल्या तर?"

"तर घमेलं तिथेच. म्हणून कोरड्या हवेत वीज नाही." मी पुढे आठवडाभर लोणीच्या रस्त्यावर जिथे जिथे स्लॅब पडत होता तिथे गाडी थांबवून बघत होते.

टेबलामागच्या फळीवर बाईंच्या बरण्या असत. लोणच्याच्याच, काचेच्या, घट्ट झाकणाच्या. प्रत्येकीत वेगवेगळ्या क्षाराचं इतकं दाट पाणी, की तळाशी क्षार न विरघळता उरलेला दिसे. असं पाणी झाकणबंद ठेवलं की वरची हवा ठरावीक प्रमाणात दमट होते आणि तशीच टिकते. साध्या मिठाच्या बरणीत पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास, बाकीच्या कुणी त्याहून कोरड्या, कुणी ओल्या. फिल्म तारांना जोडून एकेका बरणीत लोंबत ठेवायची, हवा स्थिरावू द्यायची आणि मग मोजायचं. महागडं यंत्र मंजूर होईपर्यंत म्हणून बाईंनी या बरण्या मांडल्या होत्या. यंत्र आलं, बिघडलं, बरण्या चालू राहिल्या. एकदा तपासणी समितीतल्या एका गृहस्थांनी हसत विचारलं, "हे काय, लोणचं घातलंय?" आणि झाकणाकडे हात नेला. बाई म्हणाल्या, "लोणचं नाही साहेब, हवामान आहे. उघडलंत तर बिघडेल." गृहस्थांनी हात मागे घेऊन खिशात घातला.

उघड्या फिल्मसमोर बोलायचं नाही हा बाईंचा आणखी एक नियम. श्वासातलं पाणीही फिल्मला पुरतं. पहिल्या वर्षाच्या मुलांना त्या फिल्मवर नुसतं 'हा' करायला लावत आणि मीटरवरचा आकडा धडाधड खाली येताना दाखवत. पण हा नियम मुलांपुरता नव्हता. आमचे सर, म्हणजे माझे मार्गदर्शक आणि तेव्हाचे विभागप्रमुख, एकदा पाहुण्यांना घेऊन आले आणि फिल्मवर वाकून समजावून सांगू लागले. बाई मध्येच म्हणाल्या, "सर, तोंड तिकडे करून बोला." पाहुणे हसले. सर हसले नाहीत, आणि विसरलेही नाहीत.

बाई खडकीच्या. वडील कारखान्यात कामगार, लहानपण क्वार्टरमध्ये गेलेलं. रविवारी सकाळी त्या विहारात मुलांचं गणित घेत, आणि तिथेही म्हणे उत्तर बरोबर येऊन भागत नसे, रीत दाखवावी लागे. विभागात एक नवे प्राध्यापक आले होते. बाईंनी त्यांची एक मागणी नियमावर बोट ठेवून परत पाठवली, तेव्हा ते शेजारच्याला ऐकू जाईल इतक्या हळू आणि बाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "राखीव जागेवरून आलेल्यांना नियम फार पाठ असतात." बाईंनी मान वर केली. "पाठ करावे लागतात, सर. आम्हाला कुणी तोंडी सवलत देत नाही." त्या गृहस्थांची मागणी दुसऱ्या दिवशी नियमात बसवून पुन्हा आली आणि बाईंनी ती लगेच मंजूर करून दिली.

आता माझं. मी लोणी काळभोरची. घरात शेती, भावांचं खताचं दुकान, आणि मी पीएच.डी. करणारी पहिली. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हे गावभर सांगून ठेवलं होतं. माझा विषय होता अमोनिया ओळखणारी फिल्म. शीतगृहांत अमोनिया गळतो, तो वेळेवर कळला पाहिजे. बाजारात मिळतात त्या फिल्मना तापत ठेवायला हीटर लागतो. आमची हीटरशिवाय चालणार होती आणि सरांना त्याचा फार अभिमान होता.

मोजमापं सुरू झाली तेव्हा बाई गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी चार महिने रजेवर होत्या. त्या चार महिन्यांत मी हवेचा रकाना कोरा सोडला. आधीच्या कामांत मी तो भरत होते, पण सर म्हणाले, "आपण बंद पेटीत मोजतोय. बाहेरच्या हवेचा काय संबंध?" मला पटलं. पटण्यासारखंच होतं ते. पेटीत फिल्म ठेवायची, झाकण लावायचं, एका छिद्रातून बाटलीतल्या अमोनियाचा थेंब आतल्या गरम तव्यावर टाकायचा. थेंबाची वाफ होई, रेझिस्टन्स सरसर खाली येई, झाकण उघडलं की पुन्हा वर जाई. मोठा थेंब, मोठी घसरण. आलेख इतके देखणे आले, की सरांनी एक छापून आपल्या खोलीत लावला. वाघोलीच्या एका कॉलेजने मला जूनपासून प्राध्यापकाची जागा देऊ केली. अट एकच, तोवर प्रबंध सादर झालेला हवा.

प्रबंध सादर करायला नोंदवहीचा दाखला लागे. आमच्या विभागात जुनी पद्धत होती. मोजमापांच्या प्रत्येक पानाखाली दोन सह्या, मोजणाऱ्याची आणि तंत्र सहायकाची. सगळे तंत्र सहायक या सह्या चहा गार व्हायच्या आत उरकत. बाई काठी टेकत रजेवरून परत आल्या, मी वही पुढे ठेवली, आणि त्या वही घरी घेऊन गेल्या. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "अमोनियाची बाटली आण."

मी आणली.

"वरचं लेबल वाच. अमोनिया किती?"

"साधारण पाव भाग."

"आणि उरलेला?"

मी लेबल पुन्हा वाचलं. उरलेलं पाणी होतं. मी चार महिने पेटीत थेंब टाकत होते आणि प्रत्येक थेंबातला पाऊण भाग पाणी होतं. बाहेरची हवा आत येऊ नये म्हणून झाकण घट्ट लावून आत मी स्वतःच्या हाताने पाणी ओतत होते. हे लपलेलं नव्हतं, लेबलावर छापलेलं होतं.

"त्यात हीटर काढलात," बाई म्हणाल्या. "गरम फिल्मवर पाणी ठरत नाही. थंड फिल्म ठेवलीत म्हणजे पाण्याला पाट मांडून बसवलंत."

त्यांनी सही केली नाही. सरांनी त्यांना बोलावून घेतलं. मी तिथेच उभी होते. सर म्हणाले, "बाई, बाटलीतला अमोनिया सगळं जग वापरतं. सगळे असंच मोजतात, असंच छापतात. आणि तुमची सही ही निव्वळ औपचारिकता आहे."

"मग औपचारिकपणे नाही म्हणते," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी मला बाईंचा जितका राग आला तितका आजवर कुणाचा आलेला नाही. मी त्यांना प्रयोगशाळेत गाठलं आणि नाही नाही ते बोलले. तुमचं काय जातंय, तुमची नोकरी पक्की आहे. पानं वाचायची हौस होती तर आधी कुठे होतात. शस्त्रक्रिया त्यांनी हौसेने करून घेतली असावी अशा सुरात मी बोलले, याची मला अजून लाज वाटते. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माझा आजा अंगठा लावायचा. कशावर लावतोय ते त्याला कुणी वाचून दाखवत नसे, आणि विचारायची सोय नव्हती. माझे वडील सही शिकले. आम्हा भावंडांना त्यांनी एकच सांगितलं, वाचल्याशिवाय करायची नाही आणि पटल्याशिवाय तर नाहीच. आता तुझ्यासाठी मी परत अंगठा लावू का?"

मी दाराकडे वळले. रागातच.

"तुला वाटतं ना अमोनियाच आहे? मग साधं पाणी टाकून बघ. डिस्टिल्ड. अमोनियाच्या थेंबात जेवढं पाणी असतं तेवढंच, जास्त नको. फिल्म हलली नाही तर मी चुकले. सगळ्या पानांवर सह्या करते आणि सरांची माफी मागते."

मी बॅग उचलली आणि लोणीला गेले. आठवडाभर कॉलेजकडे फिरकले नाही. अण्णा रोज जेवताना विचारत, "हाय का नाय मग ती डिग्री?" आठव्या दिवशी मी परत आले ते बाईंना खोटं पाडायचं म्हणूनच. पट्टी तीच, पेटी तीच, तवा तोच. थेंब साध्या पाण्याचा. रेझिस्टन्स सरसर खाली आला. झाकण उघडलं, पुन्हा वर गेला. मोठा थेंब, मोठी घसरण. मी तो आलेख पारदर्शक कागदावर काढून जुन्यावर ठेवला. दोन रेघांमध्ये जेमतेम एका केसाचं अंतर होतं. तेवढा अमोनिया खरा होता. बाकी सगळं पाणी.

बाई पलीकडच्या टेबलाशी होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. 'बघ, मी म्हणत नव्हते?' असं त्या म्हणाल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं, निदान भांडता आलं असतं. त्या म्हणाल्या, "चहा घे जा. रिकाम्या पोटी आलीस."

सरांनी यातून मार्ग काढला. महिन्याच्या आत बाईंची बदली तळघरातल्या भांडारात झाली, कामाची निकड म्हणून. त्यांच्या जागी जे आले ते सह्या करायला तयार होते. सरांनी मला बोलावून सांगितलं, "आता अडचण नाही. तू वही त्यांच्याकडे दे, जूनच्या आत होऊन जाईल." ते माझ्या वाईटावर नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की ते मला वाचवताहेत. पाण्याचा आलेख बघून ते इतकंच म्हणाले, "हे कशाला केलंस?"

मी वही घेऊन भांडारात गेले. बाई फुटक्या बीकरांची यादी करत होत्या. मी म्हणाले, "बाई, मी काय करू?" मला वाटत होतं, त्या सांगतील. करू नकोस म्हणाल्या तर त्यांच्यावर ढकलता येईल, कर म्हणाल्या तर सुटले. बाई यादीतून मान वर न करता म्हणाल्या, "मी माझी सही केली नाही. तुझी तू बघ."

मी त्या तळघराच्या पायरीवर बसले. वाघोलीची जागा डोळ्यांसमोर होती. तिथल्या खोलीचा कोपरासुद्धा मी ठरवून ठेवला होता. दुसऱ्यांदा अशी जागा मिळेल याची कुणी खात्री दिली नव्हती. शेवटी मी वही उघडली आणि चार महिन्यांच्या एकेका पानावर, माझ्याच आकड्यांवर आणि सहीवर, वाचता येतील अशी एक आडवी रेघ मारत गेले. मी शूर नव्हते. मला फक्त त्या दोन रेघा आता वेगळ्या दिसेनाशा झाल्या होत्या.

अण्णांना सांगणं सगळ्यात अवघड गेलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हंजी चार म्हैनं तू नुसतं पानीच मोजीत व्हतीस व्हय?"

"हो अण्णा."

"मंग पान्याचंच लिही की."

मी दुसऱ्या दिवशी हे बाईंना सांगितलं. बाईंनी विचारलं, "कितवी शिकलेत तुझे वडील?" मी म्हणाले, सातवी. "त्यांना मार्गदर्शक करायला हवं होतं," बाई म्हणाल्या.

मी पाण्याचंच लिहिलं. सच्छिद्र फिल्ममध्ये दमटपणाने वीज कशी बदलते, हाच विषय. सरांनी परवानगी दिली, कारण मी सोडून गेले असते तर त्यांच्या नावावरचा एक विद्यार्थी कमी झाला असता. त्यात आणखी दोन वर्षं गेली. वाघोलीची जागा दुसऱ्याला मिळाली. गावात लोक अण्णांना विचारत, अजून शिकतेच का, आणि अण्णा सांगत, "पान्यावर काम चाललंय तिचं," त्यामुळे निम्म्या गावाला मी पाटबंधारे खात्यात आहे असं वाटत होतं. दुपारच्या सुट्टीत मी आकडे घेऊन तळघरात जात असे. बाई डबा बाजूला सारून, हात पुसून, एकेक पान वाचत. सही करायचा अधिकार त्यांना आता नव्हता. लाल पेन्सिल मात्र त्यांनी भांडारातही नेली होती.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा विभागाने काही केलं नाही. शाल नाही, नारळ नाही, दोन शब्द नाहीत. बाईंनी भांडाराच्या किल्ल्या परत दिल्या, पावती मागितली, पावतीवरची तारीख चुकली होती ती दुरुस्त करून घेतली आणि घरी गेल्या. मी बसस्टॉपपर्यंत सोबत गेले. मी संतापून काही बोलू लागले तर म्हणाल्या, "भाषणात खोटं बोलावं लागलं असतं त्यांना. वाचले बिचारे."

बाई गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. विभागात दोन मिनिटं उभं राहून झालं आणि सर बाईंच्या कर्तव्यनिष्ठेबद्दल बोलले. मी शेवटच्या रांगेत उभी होते. ज्या कर्तव्यनिष्ठेबद्दल तुम्ही त्यांना तळघरात धाडलंत तीच का ही, असं विचारायला तोंड उघडलं होतं, पण बाईंच्या मुलीने माझा हात दाबला. म्हणून इथे विचारते. आणि बाईंबद्दल शेवटचं जे सांगायचं आहे ते सांगून थांबते, कारण तेही अर्धंच सांगितलं जातं.

माझ्या खुल्या मौखिक परीक्षेचा तो दिवस. अशा परीक्षेला कुणीही येऊन बसू शकतं आणि कुणीही प्रश्न विचारू शकतं. प्रत्यक्षात कुणी विचारत नाही. बाहेर बटाटेवडे मांडलेले असतात आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे असतं. निवृत्त होऊन दोन महिने झालेल्या बाई खडकीहून काठी टेकत आल्या आणि मागून दुसऱ्या रांगेत बसल्या. मांडीवर मी दिलेली प्रबंधाची प्रत, तिच्यात खुणेचे कागद घातलेले. बाहेरगावचे परीक्षक बोलले, सर बोलले, सगळं सुरळीत चाललं. मग परीक्षकांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "श्रोत्यांपैकी कुणाला काही?" लोक उठायच्या बेतात असताना बाईंनी हात वर केला.

"आकृती चौदा," त्या म्हणाल्या. "फिल्म ओली होताना एक रेघ आहे आणि वाळताना दुसरी. बारीक छिद्रांत गेलेलं पाणी लवकर निघत नाही, म्हणून वाळतानाची रेघ मागे राहते असं तू लिहिलंयस. ते बरोबर आहे. पण या दोन रेघांमधला फरक फिल्मचा किती आणि तुझ्या घाईचा किती?"

मला आकृती चौदा पाठ होती. बाकीच्या सगळ्या फिल्म वाळताना प्रत्येक बरणीपाशी मी तास-तास थांबले होते. या एकीच्या वेळी घरी पाहुणे यायचे होते, आणि मी वीस-वीस मिनिटांत आकडे उतरवून निघाले होते. वहीत वेळ लिहिलेली होती, प्रबंधात नव्हती. बाईंनी ते कशावरून ओळखलं मला माहीत नाही. बहुधा शेजारच्या आकृतीशी ताडून. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेऊ शकले असते. परीक्षक घड्याळाकडे बघत होते, सर मानेने मला खुणावत होते, की सांग, फिल्मचा.

"थोडा तरी माझ्या घाईचा आहे, बाई," मी म्हणाले. "त्या फिल्मला मी वीसच मिनिटं थांबले होते."

परीक्षकांनी घड्याळावरून नजर काढली. प्रबंध उघडला, आकृती चौदा बघितली, बराच वेळ बघितली. मग म्हणाले की मोजमाप पुन्हा घ्यावं, आकृती बदलावी, आणि दुरुस्त प्रत महिन्याभरात द्यावी, तोवर अहवालावर सही होणार नाही. सभागृहात कुजबुज झाली. बाईंनी खुणेचा कागद काढून घेतला आणि पुस्तक मिटलं.

बाहेर बटाटेवड्यांपाशी सर माझ्याजवळ आले. पुरते खूश होते. "पाहिलंस?" ते म्हणाले. "शेवटी तुझ्याच बाईंनी तुला अडवलं."

"हो सर," मी म्हणाले. "त्यांनी प्रबंध वाचला होता ना."